फुफाटा की क्रशर? घेवड्याच्या पानांवरच्या धुळीच्या नोंदी

हवेली तालुक्यातल्या एका खडी क्रशरच्या आसपास एका रब्बी हंगामात केलेल्या मोजणीच्या या नोंदी आहेत. पानावर धूळ किती बसते, ती कुठून येते आणि पिकाचं नेमकं काय बिघडवते, एवढंच शोधायचं होतं. असंच काम करू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून चुका झाल्या तशाच ठेवल्या आहेत. खरं तर चुकाच जास्त आहेत.

२ नोव्हेंबर. जागा

उभ्या पिकांत मोजायचा विचार पहिल्याच फेरीत सोडला. क्रशरजवळच्या शेतात विहिरीच्या पाण्यावरची ज्वारी, त्यापुढे पडीक जमीन आणि अर्ध्या किलोमीटरवर ठिबकवरचं डाळिंब. पीक, पाणी, माती सगळंच वेगळं असेल तर फरक धुळीमुळे पडला की पाण्यामुळे, हे कधीच कळणार नाही. म्हणून एकाच ढिगातली माती, एकच वाण आणि मोजून पाणी असं पिशव्यांमधलं पीक ठरवलं.

चार जागा धरल्या. अ: क्रशरच्या कुंपणापासून ६० मीटर. ब: २०० मीटर. क: ५०० मीटर. ड: दीड किलोमीटर, ओढ्यापलीकडे, तुलनेसाठी. प्रत्येक जागी १० पिशव्या. त्यातल्या पाचांची पानं दर तिसऱ्या दिवशी धुवायची आणि पाचांना हात लावायचा नाही. आठ पिशव्या राखीव.

धुतल्याचाही झाडावर काही परिणाम होतच असतो. तो किती, हे ड जागेवरच्या धुतलेल्या आणि न धुतलेल्या पिशव्यांच्या फरकावरून कळेल. ही जोडी नसेल तर बाकीच्या तिन्ही जागांचे आकडे वाचता येणार नाहीत.

वाऱ्यासाठी प्रत्येक जागी बांबूवर जुन्या कॅसेटची फीत बांधली. सकाळी ८, दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ला दिशा लिहायची. क्रशर चालू की बंद, हेही त्याच वहीत.

४ नोव्हेंबर. माती

१२ बाय १२ इंची ४८ ग्रो बॅग, २२ रुपयांना एक. मिश्रण: ४ घमेली चाळलेला पोयटा, २ घमेली कुजलेलं शेणखत, १ घमेलं भिजवलेलं कोकोपीट.

चूक: ढीग दोन दिवसांत दोनदा केला. दुसऱ्या ढिगातलं शेणखत नीट कुजलेलं नव्हतं. पिशवीत हात घातला तर आत ऊब लागली. त्या २० पिशव्या रिकाम्या करून जुन्या खताने पुन्हा भरल्या. एक दिवस आणि दीडशे रुपये गेले. सगळी माती एकदाच, एकाच ढिगात कालवा.

पानं धुताना पाणी मातीत जाऊ नये म्हणून प्रत्येक पिशवीच्या तोंडावर ३० मायक्रॉनचा मल्चिंग पेपर बांधला आणि मधे फुलीसारखा काप दिला. हे केलं नाही तर धुतलेल्या झाडांना तेवढं पाणी जास्त मिळतं आणि तो फरक धुळीच्या खात्यावर जमा होतो.

५ नोव्हेंबर

हरभरा पेरला. रब्बीचं पीक, बी घरचं, त्यामुळे फार विचार केला नाही.

२६ नोव्हेंबर. हरभरा रद्द

तीन आठवडे वाया गेले. हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक केसांमधून आंब सुटते. पहाटे शेतात फिरलं की धोतराला लागते ती. तिच्यात मुख्यतः मॅलिक आम्ल असतं, थोडं ऑक्झॅलिक. पानं धुतली की आंबही धुतली जाते. म्हणजे धुतलेल्या झाडाची धूळ गेली आणि कीड थोपवणारं आम्लही गेलं. न धुतलेल्या झाडावर तीच ओलसर आंब धूळ धरून ठेवते. दोन्हीकडून मोजणी बिघडते. शिवाय पर्णिका (संयुक्त पानाची छोटी पानं) इतक्या लहान की आलेख कागदावर क्षेत्रफळ काढताना डोळे फुटायची वेळ आली.

बदली पीक म्हणून बुटका घेवडा घेतला, अर्का कोमल वाणाचा. पान रुंद, फूल लवकर येतं. घेवड्याचं परागीभवन बहुतेक स्वतःच्याच फुलात, कळी उमलण्याच्या सुमारास होतं. त्यामुळे फुलावरच्या धुळीने फळधारणा बिघडते का, हा प्रश्न यात बाजूलाच राहतो. काकडी, भोपळा, डाळिंब यांना इथले निष्कर्ष जसेच्या तसे लावू नयेत.

२७ नोव्हेंबर

४८ पिशव्यांत प्रत्येकी ३ बिया, दीड इंच खोल. या वेळी सगळ्या पिशव्या ड जागेवर एकत्र ठेवल्या. रोपं धुळीत उगवली तर उगवणीतला फरकही आकड्यांत मिसळतो.

७ डिसेंबर

थंडीमुळे उगवणीला नऊ दिवस लागले. पिशवीत एकच रोप ठेवून बाकीची कात्रीने कापली. उपटलं तर शेजारच्या रोपाच्या मुळाला धक्का बसतो.

१४ डिसेंबर. वाटणी

पहिलं त्रिदल पान उघडलं. रोपांचे उंचीप्रमाणे पाच गट केले आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून जागा ठरवल्या. नाहीतर चांगली रोपं नकळत जवळच्या, सोयीच्या जागी जातात.

पिशव्यांवरचे मार्करने लिहिलेले आकडे उन्हाने आधीच पुसट झाले होते. थंड पेयाच्या डब्याच्या पट्ट्या कापून त्यावर खिळ्याने आकडे कोरले. फुकट आणि टिकाऊ.

पाणी: रोज सकाळी मापाने ७०० मिली, मल्चिंग पेपरखाली नळी घालून. फुलोऱ्यापासून १ लिटर.

१७ डिसेंबर. धुण्याचं पाणी

पहिल्याच धुण्याला बोअरचं पाणी वापरलं. दुपारपर्यंत पानांवर पांढरे ठिपके उमटले, कडेला रेघा. क्षारच ते. म्हणजे स्वच्छ म्हणून धुतलेल्या पानावर आपणच नवा थर चढवला. त्या दिवसापासून फिल्टर प्लांटवरचा २० लिटरचा जार, ३० रुपयांना. झाडामागे २०० मिली, हातपंपाच्या फवाऱ्याने, पिशवी थोडी तिरकी करून. वेळ सकाळी आठची. संध्याकाळी धुतलं तर पान रात्रभर ओलं राहतं आणि बुरशीला निमंत्रण मिळतं.

१९ डिसेंबर. सेन्सरवर वाया गेलेले २,६०० रुपये

हवेतली धूळ मोजायला लेझरवर चालणारा स्वस्त सेन्सर अ जागेवर लावला होता. त्याचा सर्वांत मोठा आकडा पहाटे सहाला आला, क्रशर बंद असताना. कारण दहिवर. हवेत ओल जास्त असली की कणांवर पाणी चढतं, कण फुगतात आणि सेन्सर त्यांनाच धूळ समजतो. दुपारी डोळ्यांना दिसणारा करडा ढग अंगावरून जायचा तेव्हा आकडा जेमतेम हलायचा. हे सेन्सर बारीक कणांसाठी बनवलेले असतात. पानावर जे थर धरतं त्याचा मोठा भाग जाड कणांचा असतो आणि ते यांना नीट दिसतच नाहीत.

पीएम १० किंवा पीएम २.५ (१० किंवा २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण) चे आकडे माणसाच्या फुप्फुसासाठी आहेत. पानासाठी पानावर पडलेलीच धूळ मोजायला हवी. सेन्सर काढून ठेवला.

२२ डिसेंबर. पहिली मोजणी, पूर्ण फसलेली

पद्धत अशी. पर्णिका देठाशी कापून, पान हलू न देता झाकणाच्या डब्यात आडव्या ठेवायच्या. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाण्यात मऊ ब्रशने वरची बाजू धुवायची. ते पाणी आधी वजन केलेल्या गाळण कागदातून गाळायचं. कागद वाळवून पुन्हा वजन. वाढलेलं वजन भागिले पानांचं एका बाजूचं क्षेत्रफळ, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम धूळ.

निकाल: ड ची धूळ क पेक्षा जास्त आली. ब च्या एका कागदाचं वजन गाळल्यानंतर चक्क कमी भरलं. तीन चुका सापडल्या.

एक, कागदातली ओल. १२.५ सेंटिमीटरचा व्हॉटमन ४२ नंबरचा गाळण कागद साधारण १.२ ग्रॅमचा. त्यात हवेतली ५-६ टक्के ओल असते, म्हणजे ६० ते ७० मिलिग्रॅम. आणि आपण जी धूळ शोधतोय तीही तेवढीच. आधीचं वजन टेबलावरून उचललेल्या कागदाचं आणि नंतरचं ओव्हनमधून काढलेल्याचं, मग वजा आकडा येणारच. उपाय: दोन्ही वेळा १०५ अंशांवर एक तास, सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) अर्धा तास आणि बाहेर काढल्यावर मिनिटाच्या आत वजन. प्रत्येक खेपेला एक कोरा कागद नुसतं स्वच्छ पाणी गाळून सोबत फिरवायचा. त्याचं वजन २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त हललं तर ती खेप बाद. सिलिका जेल गुलाबी पडलं होतं ते कुणी पाहिलंच नव्हतं. ओव्हनमध्ये भाजून निळं केलं.

दोन, कागदाचा नंबर. निम्म्या नमुन्यांना ४१ नंबरचा वापरला, कारण तो भराभर गाळतो. पण त्याची छिद्रं २०-२५ मायक्रॉनची. खाली उतरलेलं पाणी गढूळच होतं. ४२ नंबर २.५ मायक्रॉनपर्यंत धरतो. एका नमुन्याला पाऊण तास लागतो, तो लागू द्यावा.

तीन, पानाचं वय. हाताला येईल ते पान तोडलं. ड वरची पानं जुनी निघाली, म्हणजे त्यांच्यावर धूळ बसायला दिवस जास्त मिळाले होते. आता पान उघडलं की त्या दिवशी देठाला लोकरीचा धागा बांधायचा. दर आठवड्याला रंग वेगळा. मोजायची ती फक्त आठ दिवस झालेली पानं.

खिशातला ०.०१ ग्रॅमचा सोनारी काटा या कामाला चालत नाही. ०.१ मिलिग्रॅम दाखवणारा हवा. तो जवळच्या कॉलेजमध्ये मिळाला, पण फक्त शनिवारी.

२४ डिसेंबर

शेळ्यांनी क जागेवरच्या तीन पिशव्या खाल्ल्या. राखीवमधून भरल्या. बाभळीच्या फांद्या लावल्या.

३० डिसेंबर. मोजणी दुसरी, पहिली खरी

प्रत्येक जागेवरून न धुतलेल्या झाडांच्या सहा पर्णिका, मिळून २४० ते २७० चौरस सेंटिमीटर. क्षेत्रफळ आलेख कागदावर रेघ मारून काढलं. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन पूर्ण, कमी असेल तो सोडायचा. दर चौरस सेंटिमीटरला मिलिग्रॅम:

अ ०.९२
ब ०.७१
क ०.१६
ड ०.०९

ब चा आकडा खटकला. अंतर तिप्पट होऊनही धूळ जेमतेम पावपट कमी, आणि तिथून क ला एकदम कोसळते. फितीच्या नोंदी काढल्या. त्या आठवड्यात क्रशरकडून ब कडे वारा फार थोडा वेळ होता. जागेवर जाऊन टेप लावला तेव्हा कळलं की डंपरचा कच्चा रस्ता ब पासून २५ मीटरवरून जातो. जागा निवडताना क्रशरचंच अंतर मोजलं, रस्त्याचं मोजलंच नव्हतं.

२ जानेवारी. धूळ कुणाची?

ओळख पटवण्याच्या तीन साध्या चाचण्या केल्या.

रंग: वाळलेले गाळण कागद शेजारी ठेवले. अ चा निळसर करडा, ब चा तांबूस. क्रशर फोडतो तो काळा पाषाण, बेसाल्ट. रस्त्यावर आहे तो मुरूम आणि माती.

सूक्ष्मदर्शक, १०० पट: अ मधले कण धारदार, कोनदार, काचेच्या तुकड्यांसारखे. ब मध्ये असे थोडे, बाकी मातीचे गोलसर पुंजके.

आम्ल: कागदावरच्या धुळीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब. रस्त्यावरच्या मुरुमात चुनखडी आहे, तो फसफसतो. क्रशरचा ताजा चुरा जवळजवळ गप्प. ब ची धूळ फसफसली. संडास साफ करायचं ॲसिड यासाठी वापरू नका, त्यात साबणासारखं काहीतरी असतं आणि ते कशावरही फेस आणतं. पहिल्यांदा तेच वापरून सगळे नमुने चुनखडीचे ठरवले होते. शिवाय बेसाल्टच्या पोकळ्यांतही कॅल्साइट असू शकतं, म्हणून एकट्या आम्लावर विसंबू नये. तिन्ही खुणा एका बाजूला गेल्या तरच मानावं.

म्हणजे ब जागेवर बसतोय तो मुख्यतः डंपरच्या चाकांनी उडवलेला फुफाटा. गावात मात्र सगळी धूळ क्रशरच्याच नावावर आहे.

४ जानेवारी. रंध्रांचे ठसे

धूळ रंध्रं, म्हणजे पानाची हवा घेण्या-सोडण्याची बारीक छिद्रं, बुजवते असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर पानावर लावून, वाळल्यावर चिकटपट्टीने उचलून काचपट्टीवर घेतला आणि ४०० पटीत पाहिला. वरच्या बाजूचे ठसे धुळीमुळे निघेचनात, थर तुकड्यांत सुटायचा. धुऊन ठसा घेतला तर धूळच गेली, मग बुजलेलं काय दिसणार?

खालच्या बाजूचे ठसे स्वच्छ आले. घेवड्याला दोन्ही बाजूंना रंध्रं असतात, पण खाली बरीच जास्त. आणि धूळ बसते वर. खालच्या ठशांत रंध्रात अडकलेले कण क्वचितच सापडले, अ जागेवरसुद्धा. या पिकात रंध्रं बुजणं हे मोठं कारण दिसत नाही. ज्या पिकाची वरच्या बाजूला रंध्रं भरपूर असतात तिथे गोष्ट वेगळी असेल.

७ जानेवारी. पानाचं तापमान

इन्फ्रारेड थर्मामीटर, १,२०० रुपये. ताप मोजायची बंदूक चालत नाही, ती माणसाच्या अंगाच्या तापमानापुरतीच असते. आपल्या यंत्राचं प्रमाण १२ ला १. म्हणजे १२ सेंटिमीटरवरून धरलं तर १ सेंटिमीटरचा ठिपका मोजतं. मीटरभरावरून धरलं तर पान, माती, पिशवी सगळ्यांची सरासरी येते. पहिले ४० आकडे असेच फुकट गेले, कारण लेझरचा लाल ठिपका पानावर पडतोय एवढंच पाहिलं होतं.

नीट पद्धत: दुपारी १२.३० ते १.३०, वारा पडलेला असताना, १० सेंटिमीटरवरून, आपली सावली पानावर न पाडता. उन्हाला समोर असलेलंच पान. धुतलेलं एक, न धुतलेलं एक, अशा आळीपाळीने २० जोड्या. अ जागेवर न धुतलेली पानं सरासरी २ अंशांनी गरम. ब वर दीड. क आणि ड वर फरक यंत्राच्या चुकीतच बुडाला.

इथे पहिल्यांदा हाताला काहीतरी लागलं. करडा थर ऊन शोषतो, पान तापतं आणि हिरव्या भागापर्यंत उजेड कमी पोचतो.

९ जानेवारी. लाल कोळी आणि निंबोळी तेल

अ आणि ब च्या न धुतलेल्या झाडांवर लाल कोळी, पानातला रस शोषणारी बारीक कीड. दहापट भिंगातून पानामागे जाळी आणि अंडी दिसतात. धुळीच्या जागी कोळी वाढतो हे शेतकऱ्यांना माहीत आहेच. धुळीत कोळी खाणाऱ्या मित्रकिडींचं फावत नाही.

पंचाईत अशी की धुतल्याने कोळीही धुऊन जातो. म्हणजे धुतलेलं आणि न धुतलेलं यांच्यातला फरक आता धूळ अधिक कोळी असा झाला.

घाईत सगळ्या पिशव्यांवर निंबोळी तेल मारलं, लिटरला ५ मिली, साबणासह. दोन दिवसांत न धुतलेली पानं आधीपेक्षा जास्त मळकट झाली. तेलाच्या पापुद्र्याला धूळ चिकटून बसते, ब्रशनेही निघत नाही. त्या आठवड्याची पानं मोजणीतून काढून टाकली. पाण्यात मिसळणारी गंधकाची भुकटीही नको, तिचंच वजन धुळीत धरलं जाईल. शेवटी पानावर थर न ठेवणारं द्रवरूप कोळीनाशक कृषी सेवा केंद्रात विचारून, लेबलवरच्या मात्रेने, सगळ्या पिशव्यांना एकाच दिवशी. त्यानंतर दर चार दिवसांनी भिंगाने तपासणी आणि झाडाला पानामागे पाचपेक्षा जास्त कोळी दिसले तर ते झाड हिशेबातून बाहेर. अ मधलं एक आणि ब मधली दोन अशी गेली.

११ जानेवारी. ड वरचे ठिपके

सर्वांत स्वच्छ जागेवर जुन्या पानांवर तपकिरी बारीक ठिपके. फक्त वरच्या बाजूला, शिरांमधल्या भागात, शिरा हिरव्याच. मागे कोळी नाही, जाळी नाही, बुरशीची वलयंही नाहीत. एका पानावर दुसऱ्याची सावली पडत होती तेवढा भाग साफ होता. ही सगळी लक्षणं ओझोनची. घेवडा ओझोनला हळवा आहे.

ओझोन क्रशरमधून येत नाही. वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि उडून जाणारी सेंद्रिय द्रव्यं यांच्यावर ऊन पडून तो हवेतच तयार होतो. आणि गंमत म्हणजे वाहत्या रस्त्याला लागून तो कमी असतो, कारण ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. शहरापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला तो जास्त भरू शकतो. म्हणून दूरची जागा ती स्वच्छ, हे धुळीपुरतंच खरं. ओझोन मोजायचं साधन नव्हतं. ठिपके असलेली पानं हरितद्रव्याच्या चाचणीतून वगळली आणि वहीत खूण केली.

१३ जानेवारी. हरितद्रव्य

८० टक्के ॲसिटोनमध्ये पान खलायचं, चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट घालून, म्हणजे पानातल्या आम्लाने हरितद्रव्य फुटत नाही. मंद उजेडात काम, बाटली फॉइलमध्ये. गाळून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती उजेड शोषतं ते मोजणारं यंत्र) ६४५ आणि ६६३ नॅनोमीटरच्या उजेडाला वाचन. हिशेब: (२०.२ × ६४५ चं वाचन + ८.०२ × ६६३ चं वाचन) × द्रावणाचे मिली ÷ (१००० × पानाचे ग्रॅम).

चूक पहिली: प्लॅस्टिकच्या क्युव्हेट (यंत्रात द्रावण ठेवायच्या चौकोनी नळ्या). ॲसिटोनने दोन मिनिटांत भिंती पांढुरक्या झाल्या आणि वाचन चढतच गेलं. काचेच्याच घ्याव्यात.

दुसरी: ०.२५ ग्रॅम पानाचं द्रावण २५ मिली केलं तर ६६३ चं वाचन १ च्या वर गेलं, जिथे यंत्रावर फार भरवसा नाही. ५० मिली केलं.

तिसरी सर्वांत महागात पडली असती. न धुतलेलं पान धुळीसकट तोललं होतं. घेवड्याच्या पानाचं ओलं वजन दर चौरस सेंटिमीटरला साधारण २० मिलिग्रॅम आणि अ वर धूळ ०.९. म्हणजे साडेचार टक्के वजन नुसत्या दगडाचं, आणि हरितद्रव्य तेवढंच कमी झाल्याचा भास. धुऊन टिपलं तर पानावर उरलेलं पाणी वजनात येतं. उपाय: पान धुवायचं, १ सेंटिमीटर व्यासाच्या पोकळ पंचने १६ चकत्या पाडायच्या (मिळून १२.६ चौरस सेंटिमीटर) आणि हरितद्रव्य वजनावर न काढता क्षेत्रफळावर काढायचं. वरच्या हिशेबात ग्रॅमच्या जागी चौरस सेंटिमीटर.

अ जागेवर वजनाने १३ टक्के दिसलेली घट क्षेत्रफळाने ७ टक्क्यांवर आली. पाच झाडांवर ७ टक्के म्हणजे छातीठोक सांगण्यासारखं काही नाही.

पानातलं क जीवनसत्त्व, सामू (पीएच), हरितद्रव्य आणि पाण्याचं प्रमाण घालून काढतात तो एपीटीआय हा सहनशीलता निर्देशांकही काढायचा होता. दोन खेपांनंतर सोडला. क जीवनसत्त्वाचा नमुना तोडल्यापासून मिनिटांत ऑक्झॅलिक आम्लात पडावा लागतो, आपल्याकडे प्रयोगशाळेपर्यंतच तास जायचा. आणि तो निर्देशांक कुठली झाडं प्रदूषण सोसतील याची क्रमवारी लावण्यासाठी आहे. कुंपणाला करंज लावावा की कडुनिंब, हे ठरवायला ठीक. पिकाचं किती नुकसान झालं, ते त्यातून निघत नाही.

१६ ते २५ जानेवारी. रस्त्यावर पाणी

ब ची धूळ खरंच रस्त्याची असेल तर रस्ता ओला केल्यावर ती उतरली पाहिजे. क्रशरवाल्यांनी टँकर दिला. रस्त्याचा ४०० मीटर लांब, ५ मीटर रुंद तुकडा, एका फेरीला ५,००० लिटर, म्हणजे चौरस मीटरला अडीच लिटर. सकाळी १० आणि दुपारी ३.

पहिल्या दिवशी टँकरची तोटी नुसती उघडून सोडली. मधे चिखल, कडा कोरड्या. डंपर चिखल टाळायला कडेने गेले आणि फुफाटा उलट वाढला. चाकांना लागलेला चिखल पुढे डांबरी रस्त्यावर वाळला, तिथे नवी धूळ. दुसऱ्या दिवशी तीन इंची पाइपला तीन-तीन सेंटिमीटरवर भोकं पाडून आडवा बसवला, वेल्डिंगसकट ९०० रुपये. पाणी सारखं पसरलं.

जानेवारीच्या उन्हात मुरूम अडीच तासांत पुन्हा कोरडा होतो. १० च्या फेरीनंतर साडेबारा ते तीन रस्ता उघडाच राहायचा, आणि डंपरची गर्दी नेमकी तेव्हाच. २० तारखेपासून वेळा ९, १२ आणि ३ केल्या.

२८ जानेवारी. मोजणी

२० जानेवारीला धागा बांधलेली पानं, आठ दिवसांची. पाणी २५ ला थांबलं असल्याने शेवटचे तीन दिवस कोरड्या रस्त्याचे आहेत.

अ ०.७४
ब ०.२८
क ०.१४
ड ०.०९

ब निम्म्याहून खाली. कागदाचा तांबूसपणाही गेला, करडा उरला. अ चीही थोडी उतरली, कारण डंपर तिथूनच भरून निघतात.

३ फेब्रुवारी. उत्पादनाचा घोटाळा

शेंगांची तोडणी २४ जानेवारीपासून चार दिवसांआड. वजनं लिहून ठेवली आहेत, पण धुळीचा परिणाम म्हणून ती देता येत नाहीत. ऐन फुलोऱ्यात आणि शेंगा धरताना आपणच टँकर फिरवून अ आणि ब ची धूळ बदलली. न धुतलेली झाडं अर्धा हंगाम धुळीत आणि अर्धा कमी धुळीत वाढली. कोळीमुळे तीन झाडं आधीच कमी. रस्त्याची चाचणी पीक निघाल्यावर करायला हवी होती. तेव्हा डंपर चालूच राहणार होते, घाई कशाचीच नव्हती.

१५ जानेवारीपर्यंतची फुलांची मोजणी तेवढी वापरता येते. अ वर न धुतलेल्या झाडांना फुलं सरासरी चार दिवस उशिरा आली. ड वर धुतलेल्या आणि न धुतलेल्यांत एका दिवसाचाही फरक नाही, म्हणजे हा उशीर धुण्यामुळे आलेला नाही. कोळीमुळे आला का, याला मात्र उत्तर नाही.

६ फेब्रुवारी

रात्री अवकाळी सर, अर्धा तास. सगळी पानं धुतली गेली. मोजणी इथेच बंद. ०.२ मिलिग्रॅमच्या खाली असलेली धूळ पावसाने साफ गेली. अ च्या जुन्या पानांवर मात्र दहिवराने दर पहाटे भिजून, दुपारी वाळून जो पापुद्रा धरला होता तो पावसानेही निघाला नाही. नखाने खरवडावा लागला.

९ फेब्रुवारी. हिशेब आणि पुढची पेरणी

खर्च ११,४०० रुपये. त्यातले सेन्सर, हरभरा, ४१ नंबरचे कागद, प्लॅस्टिकच्या क्युव्हेट आणि निंबोळी तेल मिळून ३,९०० वाया. वेळ १४ आठवडे, त्यातले कामाचे जेमतेम सहा.

पुढच्या रब्बीत: जागा निवडताना क्रशर आणि रस्ता दोन्हींपासूनचं अंतर वहीत. ब सारखी एक जागा रस्त्यालगत पण क्रशरपासून लांब. जागेला १० ऐवजी १६ पिशव्या. आणि ड वर आणखी एक गट, ज्यावर क्रशरचा चुरा २०० मेशच्या (इंचाला २०० भोकांच्या) चाळणीतून गाळून दर तिसऱ्या दिवशी हाताने भुरभुरायचा, कोळी आला की मारत राहायचा. धूळ आणि कोळी वेगळे करायला याहून स्वस्त उपाय सापडलेला नाही. चुऱ्याचं एक पोतं आत्ताच आणून कोरड्या जागी ठेवलं आहे. भुरभुरताना नाकाला फडकं पुरत नाही, एन ९५ मास्क लावा.

भोकांचा पाइप टँकरलाच ठेवला आहे. १२ ची फेरी डंपरवाल्यांच्या जेवणाच्या वेळेशी जुळते, तेव्हा रस्ता मोकळा असतो. ती चुकली तर ३ च्या फेरीपर्यंत ब वर पुन्हा तांबडा थर दिसतो.